महाराजांना विटाळ झाला

दुधना नदीच्या काठी कारेगव्हाण नावाचं गाव आहे. सद्गुरू सहजनाथ महाराज उतारवयात तिथल्या मठात राहिले आणि त्या मातीचं सोनं झालं. महाराज गुरुमंत्र देत तो वर्षातून एकदाच, माघी उत्सवाच्या सकाळी.

गावात झुंबराबाई नावाची सुईण होती. अर्धं गाव तिच्याच हातांवर जन्मलेलं. महाराजांकडून मंत्र घ्यावा ही तिची फार जुनी आस; पण दरवर्षी नेमकी उत्सवाच्या तोंडावर कुणीतरी बाई अडलेली असायची. आणि बाळंतपण केलं की सुईणीला दहा दिवस विटाळ, मठाची पायरी बंद! अहो, ज्या हातांनी गावाला जगात आणलं, तेच हात गावाला चालत नव्हते. हा कुठला न्याय?

त्या वर्षी मात्र वैद्यबुवांनी तिला स्पष्टच सांगितलं होतं, "बाई, आता चार-सहा दिवसांची सोबत. मनात असेल ते करून घे." तिच्या मनात एकच होतं. उत्सवाच्या सकाळी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, भिंतीला धरत धरत ती मठात येऊन बसली.

मठाचे कारभारी दाजीपंत. पाठांतर दांडगं, जीभ त्याहून दांडगी. "झुंबरे," ते सगळ्यांदेखत म्हणाले, "जन्मभर नाळा कापल्यास, आता मरताना मोक्षाची हौस आली होय?" बसलेली माणसं हसली. त्यांतल्या कितीकांना तिनंच जगवलेलं, पण लाज म्हणून कुणाला वाटली नाही!

इतक्यात नदीपलीकडच्या पालांवरून एक वडार धावत आला. दारातूनच ओरडला, "आये, बायकू कालधरनं अडलीया. पोर आडवं हाय. चल गं आये!"

"गेलीस तर पुन्हा या दारात यायचं नाही," दाजीपंतांनी बजावलं. "दहा दिवस आहेत का तुझ्यापाशी?"

नव्हते. तिला ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. समोर महाराज डोळे मिटून आसनावर बसले होते. झुंबराबाईनं लांबूनच हात जोडले. "देवा, माझं ऱ्हाऊ दे. तिची येळ निघून जाईल," ती म्हणाली आणि उठली.

"दारी आलेली गंगा सोडून चिखलात चालली!" दाजीपंत हसले. काय म्हणावं या विद्वत्तेला! जळो ते पाठांतर!

मुहूर्त टळला, दुपार कलली, तरी महाराज डोळे उघडेनात. हाक मारायची कुणाची छाती होईना. अखेर त्यांनी डोळे उघडले, तोच वडाराच्या आधारानं झुंबराबाई येताना दिसली. मठापासून लांब, रस्त्याच्या धुळीतच ती बसली.

"थांब तिथंच!" दाजीपंत गरजले. "विटाळ घेऊन आलीस?"

"आत न्हाई येत जी," ती धापा टाकत म्हणाली. "म्हाराजांना हात जोडाया आले. तिला धराया कुणी न्हवतं, माझ्यात जोर उरला न्हवता. तवा म्हाराज आलं, तिला मागनं धरून बसलं. तिनं त्यांची मनगटं पार ओरबाडली जी. पोरगी झाली. दोघी बऱ्या हायती."

"खोटारडे! महाराज इथून हललेसुद्धा..." म्हणत दाजीपंत वळले. महाराजांच्या दोन्ही मनगटांवर नखांचे ताजे ओरखडे होते. पांढऱ्या धोतरावर रक्ताचे डाग होते!

महाराज उठले. इतके संतापलेले त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"पंत, मलाही विटाळ झाला आहे. काढा मला बाहेर!" महाराज म्हणाले. "हिच्यापाशी चार दिवस उरलेत, तरी आधी काय करायचं ते हिला कळलं. तुमच्यापुढे उभं आयुष्य पडलंय, आणि तुम्ही दार अडवण्यात घालवता!"

महाराज उंबरा ओलांडून बाहेर गेले, धुळीत तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी तिच्या कानात मंत्र सांगितला. झुंबराबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या.

दाजीपंत मागोमाग आले. ते वाकले, तशी झुंबराबाईनं घाईनं पाय मागे घेतले.

"आंगुळ झाली न्हाई जी माझी. इटाळ हुईल तुमास्नी."

"होऊ दे, आई," दाजीपंत म्हणाले, आणि त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.