मागाचा खड्डा आणि पोकळ तुळई

कोष्ट्यांच्या एका गावात नारबा आणि चिमाबाई हे म्हातारे जोडपे राहत होते. घर धाब्याचे होते, म्हणजे वर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर मातीचे छप्पर. मधल्या खोलीत मागाचा खड्डा होता. कोष्टी खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि पायांनी पावड्या दाबत कापड विणतो. नारबाने चाळीस वर्षे तेच केले. आता त्याचे गुडघे असे झाले होते, की खड्ड्यात उतरलेल्या नारबाला वर काढायला दोन शेजारी लागत.

दोन दिवसांच्या वाटेवर त्यांची एकुलती एक लेक नांदत होती. इकडे या, इकडे या, असे ती सारखे निरोप धाडी. जावयाच्या घरात जाऊन राहणे नारबाला पटत नव्हते. पण लेकीच्या घराच्या भिंतीला लागून दोन खोल्या विकायच्या होत्या, आणि त्यांचा मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. तोवर आपले घर विकले गेले, तर उरलेले दिवस लेकीच्या शेजारी जाणार होते. घर विकले गेले नाही, तर त्या खोल्या दुसरा कुणी घेणार होता.

आता प्रश्न पडला. घर आहे तसे विकावे, की आधी नीटनेटके करून मग विकावे?

नारबाने हा प्रश्न गावात विचारला आणि तिथेच फसला. घराचे काय करावे असे कुणाला विचारून बघा. ज्याने जन्मात स्वतःच्या दाराची बिजागरी बसवलेली नसते, तोही अर्धा तास सल्ला देतो. न्हावी म्हणाला, दार रंगव. कुंभार म्हणाला, भिंतींना चुना दे. गावच्या वाण्याने तर खोलीत डोकावून नाक मुरडले.

"नारबा, आधी हा खड्डा बुजव," तो म्हणाला. "घराच्या पोटात खड्डा असलेलं घर घेणार कोण? आणि ही ओल बघ. इथं पोतं ठेवलं तर दाण्याला मोड येतील."

ओल होती खरी. घराच्या मागून पाण्याचा पाट वाहत होता. चिमाबाईने सकाळी त्या खोलीत ठेवलेला पापड संध्याकाळी चिंधीसारखा लोंबायचा. पण खड्डा हवा असणारा कुणी घर घ्यायला येईल, हे नारबाच्या आळीत कुणाच्याच डोक्यात आले नाही. का आले नसेल? मला वाटते, कारण अगदी साधे होते. आळीत घरटी एक खड्डा होता. जी वस्तू प्रत्येकाच्या घरात असते, ती दुसऱ्या कुणाला हवीशी वाटेल असे कुणाला सुचत नाही.

नारबाच्या गाठीला थोडी पुंजी होती, एकदाच घराला हात लावता येईल इतकीच. त्याने चुना आणून रांजणात भिजत घातला. खड्डा बुजवायला गाडीभर माती दारात ओतून घेतली. गवंडी परवा येणार होता.

तेव्हा चिमाबाई म्हणाली, "अवं, आपण एकदा गिऱ्हाईक होऊन घर बघू या का? चाळीस वर्सं ऱ्हायलो, पण बघितलं कुठं?"

नारबा हसला. पण त्यालाही कुतूहल वाटले. त्याने लग्नाकार्यातला फेटा बांधला, हातात काठी घेतली, आणि दोघे मागच्या दाराने निघून आळीला वळसा घालून पुढच्या दारी आले. नारबाने कडी वाजवली आणि दार कोण उघडतेय याची वाट पाहत उभा राहिला. शेवटी चिमाबाईनेच दार ढकलले.

घर बघताना मोठी गंमत झाली. दाराचा उंबरा एकाच बाजूला झिजला होता. दोघेही इतकी वर्षे त्याच बाजूने ये-जा करत होते आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हते. कोनाड्याखाली भिंतीवर काजळीचे पाच ठिपके होते, लेकीने लहानपणी बोटे पुसून केलेले. चिमाबाईने ते पदराने झाकल्यासारखे केले आणि मग गिऱ्हाइकाच्या आवाजात विचारले, "काय हो घरधनी, ही भिंत ओली का?"

"पाट हाय मागं," नारबा म्हणाला. मग आपणही गिऱ्हाईकच आहोत हे आठवून तो वर बघू लागला. घर घेणारे लोक काठीने तुळया ठोकतात, हे त्याने पाहिले होते. त्याने पहिली तुळई ठोकली. ठक्क. दुसरी ठोकली. ठक्क. खड्ड्यावरची तिसरी ठोकली, तर भोपळ्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला. वरून चिमूटभर भुसा फेट्यावर पडला.

वाळवीने तुळई आतून खाल्ली होती. बाहेरून ती गुळगुळीत होती, काळीभोर आणि भक्कम दिसणारी.

नारबाने बोटांवर हिशेब केला. तुळई बदलायची तर सगळी पुंजी तिच्यातच जाणार, मग चुना नाही, रंग नाही, खड्डा तसाच. आणि असे ओंगळ घर दिवाळीपूर्वी कोण घेणार?

"चुन्याचे दोन हात तिच्यावरनंही फिरवू," नारबा हळूच म्हणाला. "कुणाला दिसतंय?"

"मला दिसलं की," चिमाबाई म्हणाली. "मी आत्ता गिऱ्हाईकच हाय."

नारबाने फेटा सोडला आणि त्यावरचा भुसा झटकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक अनोळखी तरुण दारात आला. नाव मल्हारी. तोही कोष्टीच होता, लांबच्या माळावरच्या गावाचा. घर विकायचे आहे हे त्याने बाजारात ऐकले होते. त्याने मातीच्या ढिगाकडे पाहिले, पण काही विचारले नाही. दाराचा रंग पाहिला नाही, भिंती पाहिल्या नाहीत. कनवटीतून त्याने सुताची छोटी लडी काढली. एक धागा अंगणात दोन खुंट्यांमध्ये ताणून बांधला आणि तसाच दुसरा आत, मागाच्या खड्ड्यावर. मग तो उंबऱ्यावर मांडी घालून बसला.

हा माणूस काय करतोय हे बघायला आळी गोळा झाली. न्हावी आला, कुंभार आला, वाणीही दुकान टाकून आला. मल्हारी नुसता बसून राहिला. ऊन वर आले तेव्हा तो उठला. अंगणातल्या धाग्याला त्याने बोटाने झटका दिला. धागा तटकन तुटला. आतल्या धाग्याला त्याने तसाच झटका दिला. तो डोलला आणि पुन्हा सरळ झाला. मल्हारीने आणखी दोनदा झटका दिला, तरी तो तुटला नाही.

"मामा, आमच्या माळावर दिसभर कोरडं वारं, सूत तटातट तुटतंय," तो नारबाला म्हणाला. "दिसाकाठी वीतभर कापड अन् हातभर गाठी. मला असंच दमट घर पायजे हुतं. चार गावं फिरलो." मग त्याने मातीच्या ढिगाकडे बोट दाखवले. "ही माती कशाला आणलीया?"

"खड्डा बुजवायला," नारबा म्हणाला.

मल्हारीने कपाळाला हात लावला. "बुजवू नगा. मी घर घेतो. आजच बोली करू."

वाणी मातीच्या ढिगाकडे बघत हळूच मागे सरकला.

नारबाला आनंदाने हसावे की रडावे कळेना. दोन खोल्या मिळणार होत्या, लेक मिळणार होती. मल्हारीने धागा पाहिला होता आणि तेवढ्यावर तो खूश होता. वर त्याने एकदाही पाहिले नव्हते. आता फक्त हो म्हणायचे होते. नारबाने चिमाबाईकडे पाहिले. ती वर तुळईकडे बघत होती.

नारबाने कोपऱ्यातली काठी उचलली.

"पावणं, आत या," तो म्हणाला, आणि त्याने तिसरी तुळई ठोकली. भुसा पडला. "ही वाळवीनं खाल्लीया. मलाबी कालच कळलं. बोली करायच्या आधी तुमास्नी कळाय पायजे."

मल्हारी वर बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला. "घरी पोर हाय तीन महिन्यांचं," तो म्हणाला. "माग खाली मांडायचा अन् पाळणा ह्याच तुळईला टांगायचा, म्हंजी विणता विणता पायानं दोरी ओढता यील, असं मनात धरलं हुतं."

एवढे बोलून तो निघून गेला. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

आळी नारबावर तुटून पडली. तोंड मिटून बसला असतास तर काय बिघडले असते, असे जो तो विचारू लागला. नारबाला रागही आला आणि वाईटही वाटले. पण डोळे मिटले की त्याला पाळणा दिसे. तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे गवंडी आला. नारबाने चुन्याचे आणि रंगाचे काम रद्द केले आणि सगळी पुंजी घालून सागाची तुळई आणायला सांगितली. गिऱ्हाईक येवो वा न येवो. जुनी तुळई उतरवताना ती मधूनच मोडली आणि तिचे दोन तुकडे खड्ड्यात जाऊन पडले. ते पाहून आळीने नारबाला बोल लावणे सोडले.

छप्पर उघडले होते, त्यावर घालायला नवी माती हवी होती. ती दारात पडलेलीच होती. खड्ड्यात जाणार होती ती माती डोक्यावर गेली.

धाबे चोपून होत आले होते तेव्हा आळीच्या तोंडाशी एक बैलगाडी दिसली. गाडीत मागाचे सुटे भाग होते. त्यांच्या शेजारी मल्हारीची बायको, कुशीत तान्हे घेऊन. मल्हारी खाली उतरला आणि जरा ओशाळून म्हणाला, "मामा, तुळईचा खर्च आपण मिळून करू, असं सांगाय आलो हुतो. पर तुमी तर बदलून मोकळं झालात."

त्याची बायको सरळ आत गेली. तिने एकदाच वर पाहिले. "वाईट तुळई ह्यांनीच दावली," ती नवऱ्याला म्हणाली. "बाकीच्या ठोकायला नगोत."

घराची बोली झाली, पैसे हातात आले, आणि दिवाळीला अजून दहा दिवस होते. नारबा आणि चिमाबाई निघाले त्या सकाळी मल्हारीने नव्या तुळईला कडी ठोकली होती. पाळणा नारबानेच टांगला आणि आधी आपला सगळा भार देऊन दोरी ओढून पाहिली. मग चिमाबाईने बाळाला आत ठेवले. रांजणातला चुना तेवढा उरला. तो इतका होता, की साऱ्या आळीने पानाला लावला तरी दोन वर्षे संपला नाही.

तात्पर्य: घर विकण्याआधी दुरुस्त करावे ते, ज्याने येणाऱ्याच्या जिवाला धोका आहे. नुसते आपल्याला ज्याची लाज वाटते ते बुजवण्याआधी येणाऱ्याला विचारावे, कारण कदाचित तो त्यासाठीच आलेला असतो.