खालच्या आळीतला ढिगारा

कोणत्या राजाच्या काळी हे घडलं ते आता कुणालाच ठाऊक नाही, इतकी ही गोष्ट जुनी आहे. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. आणि ऐकताना राग आला तर तो गिळू नये.

डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. वरच्या आळीत कारभारी आणि जमीनदार राहत, खालच्या आळीत टोपल्या विणणारी माणसं. एका उन्हाळ्यात जंगलात वणवा पेटला आणि गावात शिरला. माणसं नदीकडे धावली म्हणून वाचली. घर मात्र एकही उरलं नाही. वणव्याने वरचं-खालचं पाहिलं नाही, सगळ्यांची सारखीच राख केली.

राजाला कळलं तेव्हा त्याने बैलगाड्या आणि मजूर पाठवले. आज्ञा साधी होती. "प्रत्येकाच्या घराची जागा साफ करून द्या. सगळा ढिगारा नदीपलीकडच्या जुन्या खाणीत नेऊन पुरा."

काम गावच्या कारभाऱ्याकडे आलं. त्याने ते स्वतःच्या दारापासून सुरू केलं. पण खाण लांब, ऊन रणरणतं.

"एवढ्या लांब कशाला जायचं?" तो म्हणाला. "खाली जागा आहे की!"

झालं! पडक्या भिंती, फुटकी कौलं, अर्धवट जळालेल्या तुळया भरभरून गाड्या खालच्या आळीत रिकाम्या होऊ लागल्या. मोकळ्या माळावर नव्हे, लोकांच्या घरांच्या जागांवर!

खालच्या आळीतली गोजरा आपल्या घराच्या राखेत जातं शोधत होती. शेजाऱ्यांची गुरं सोडवताना तिच्या नवऱ्याचे हात भाजले होते, म्हणून सगळं तिच्या एकटीवर आलं होतं. गाडी जवळ येताच ती उठून बैलांपुढे उभी राहिली.

"कारभारी, हे माझं घर आहे."

कारभारी हसला. "घर? कुठाय घर? राखच तर आहे. तिच्यावर आणखी थोडी पडली तर काय बिघडलं?"

"ही राख माझी आहे. हिच्यात माझी चूल आहे, माझं जातं आहे. तुमच्या ढिगाऱ्याखाली ते मला कसं सापडणार? आणि या तुळयांतून अजून धूर येतोय, तो दिसत नाही तुम्हाला?"

"तुमच्या जागा साफ करायचीही पाळी येईल. सर बाजूला!"

दोन मजुरांनी तिला बाजूला ओढलं आणि गाडी रिकामी झाली.

वरच्या आळीने हे सगळं पाहिलं. काहींना वाईटही वाटलं. पण बोललं कोण? कुणीच नाही. आपलं अंगण मोकळं झालं, एवढं त्यांना पुरलं. राजाचा माणूस पाहणीला आला, तेव्हा कारभाऱ्याने त्याला वरूनच गाव दाखवलं, पोटभर जेवू घातलं आणि परत पाठवलं. वर गवताने शाकारलेली नवी घरं उभी राहिली. खालची माणसं नदीकाठच्या आंब्याखाली संसार मांडून बसली, आणि त्यांच्या जागेवर ढिगारा वाढतच गेला.

मग एका दुपारी वारा सुटला. आतल्या आत धुमसणारा ढिगारा भडकला. ठिणग्या वर उडाल्या आणि सगळ्यात आधी कारभाऱ्याचं छप्पर पेटलं.

खालची माणसं नदीकाठी होती. "जळू दे," एक जण म्हणाला. "आमच्या अंगावर टाकलेलंच परत चाललंय." त्याचं काय चुकलं होतं?

गोजराही संतापलेलीच होती. पण वरून पोरांचं रडणं ऐकू आलं आणि तिने घागर उचलली. ती निघाली तशी बाकीचीही निघाली. घागरीमागून घागरी वर गेल्या. अर्धी आळी जळाली, अर्धी वाचली.

कारभारी हात जोडून पुढे आला. "बाई, तुझे उपकार…"

"उपकाराचं बोलू नका," गोजरा कडाडली. "तुमच्यासाठी नाही आलो आम्ही. पोरांचा काही दोष नव्हता, म्हणून आलो. आम्हीही माणसं आहोत हे तुम्हाला कळायला तुमचं छप्पर जळावं लागलं!"

राजा या वेळी स्वतः आला आणि थेट खालच्या आळीत उतरला. ढिगारा पाहून त्याची मान खाली गेली. त्याने कारभाऱ्याचा कारभार काढून घेतला आणि त्याच्या डोक्यावर पाटी दिली. गप्प बसलेल्या वरच्या आळीलाही त्याने सोडलं नाही.

"हा ढिगारा तुम्ही खाणीत न्या. खालच्या आळीतलं शेवटचं घर उभं राहीपर्यंत वर कुणी भिंत घालायची नाही."

"महाराज, तोवर आम्ही राहायचं कुठे?" एकाने विचारलं.

"ही माणसं इतके दिवस कुठे राहत होती?" राजाने विचारलं. "तेव्हा तुम्हाला हा प्रश्न पडला नाही!"

एकेकाने वाकून पाटी भरायला घेतली.

लहानथोरांनो, एवढं मनात ठेवा: आपल्या अंगणातला ढिगारा दुबळ्याच्या अंगणात लोटणं ही सफाई नव्हे, तो अन्याय आहे, आणि तो गप्प राहून पाहणाराही त्यात सामील असतो.