माळजाईपुढचा रिकामा चौथरा

मला बोलायला लावू नका, असं ग्रामसेवकाला दोनदा सांगितलं. तरी पाव्हणे आले की माझ्याच दारात आणून उभे करतो. माझी शाळा दुसरीपर्यंत. आता आलाच आहात तर ऐका, आणि मधे फोटो काढू नका.

माळजाईच्या देवळापुढचा चौथरा बघितला ना? वर काही नाही. मूर्ती चोरीला गेली का, असं सगळे विचारतात. तिथं कधी काही बसलंच नाही.

फार मागं, म्हणे, इथल्या बाळकोजी पाटलाची दोन पोरं पाळण्यातच गेली. तिसरं जगलं तर देवीपुढं गुळाचं वासरू बसवीन, असा नवस तो बोलला. पोर जगलं. चौथरा बांधला. पण त्या साली ऊस जेमतेम, रस आटवायच्या एका काहिलीपुरता. त्यातच पटकीची साथ आली. गुऱ्हाळावर पाक बघणारा गुळव्या सगळ्यांत आधी गेला. त्याची बायको चिमाबाई तिसऱ्या दिवशी काहिलीपाशी उभी राहिली. दुसऱ्या कुणाला पाक कळत नव्हता.

ती म्हणाली, "पाटील, याची काकवीच ठेवू. पाण्यातनं लोकांना पाजू. कुणाच्या पोटात काही ठरंना."

"देवीचा गूळ हाय त्यो, चिमे. थेंब काढायचा न्हाई."

"देवी थांबंल की. तिला कुठं जुलाब लागल्यात?"

पाटलानं काहिलीपाशी काठीवाला बसवला. नवस चुकला तर देवी पोर माघारी नेईल, ही त्याची भीती. त्याला मी हसत नाही.

चिमाबाई ढवळत राहिली. पाक उतरवून निववायच्या वाफ्यात ओतला, सांजपर्यंत घोटला, तरी बसेना. काकवीच राहिली. देवीचा चमत्कार, असं सांगतात. मी चाळीस वर्षं गुळव्या होतो. पाकात आंबट पडलं की गूळ बसत नाही. बाईनं पदरातली लिंबं पिळली होती.

तिनं ते लपवलंही नाही. भर गावात म्हणाली, "मीच पिळली. पाप माझ्या माथ्यावर. देवीला कुणाला न्यायचंच असंल, तर मी हितं बसती." आणि त्या चौथऱ्यावर जाऊन बसली. उकळून गार केलेलं पाणी, त्यात काकवी, चिमूटभर मीठ. येईल त्याला पाजत अकरा दिवस बसली. शेवटचा आजारी उठून बसला तेव्हाच खाली उतरली. घरी जाऊन आधी भाकरी मागितली म्हणे. पाटलाच्या पोरालाही काही झालं नाही. पाटलानं सांगितलं, या चौथऱ्यावर आता काही बसवायचं नाही.

आजही हंगामाची पहिली काहील आम्ही गुळाला जाऊ देत नाही. गुळव्याच्या घरची बाई लिंबू पिळते. ती काकवी येईल त्याला पाण्यातनं, खिरीवर, घावनाबरोबर द्यायची. जात-गाव विचारायचं नाही. मागल्या साली एकानं ती सोडून बाटलीतलं लाल सरबत बादलीत कालवलं, वर बर्फ. मी बादली पालथी केली. यंदाही करीन. बादली पालथी केली तेव्हा त्यानं माईकवरनं सगळ्या गावाला सांगितलं, म्हातारं चळलंय. माझी माफी मागायची त्याची अजून राहिली आहे. नाव लिहून घ्या: दत्तू चौगुले.