टिंगूची शेपटी पेटीखाली

कान दोन आहेत ना? मग एक मला द्या. दुसरा आईकडं राहू द्या, तिला पिळायला लागतो.

सरूमावशी लोकरीची खेळणी विणायची. हत्ती विणायची. घुबड विणायची. राजा विणायची, ढेरपोट्या. अगदी तुमच्या बाबांसारखा!

एकदा ती गेली सोंगांच्या, म्हणजे बाहुल्या-चित्रांच्या जत्रेला. मोठ्ठा हॉल. कुणाची सोंगं चित्रातली. कुणाची लाकडाची. कुणाची मातीची. मावशीची लोकरीची.

मावशीनं टेबल मांडलं. हत्ती बसला. घुबड बसलं. राजा बसला, पोट सावरून. राहिला टिंगू.

टिंगू म्हणजे उंदीर. केवढा? पेढ्याएवढा. त्याची शेपटी अजून सुईवर होती. मावशीची रीतच तशी. आधी पोट, मग कान, आणि शेपटी सगळ्यात शेवटी.

"हलू नकोस रे," मावशी म्हणाली.

टिंगू हलला. हसू नका, तुम्हीही हलला असता!

टुण्णकन उडी. सुर्रर्र! शेपटी उसवली. टच्! धागा तुटला. गडगड गडगड! गुलाबी लोकरीचा गोळा पळाला. तेवढ्यात शेजारच्या दाजींनी आपली पेटी खाली ठेवली. धप्प! गोळ्यावरच.

"झालं!" मावशी म्हणाली. "गुलाबी लोकर तेवढीच होती. आता दार उघडेल, माणसं येतील. बिनशेपटीचा उंदीर मी टेबलावर नाही बसवत. तू पिशवीत!"

"पिशवीत? अंधारात?"

"एकटा नाहीस. माझा डबा आहे तिथं. कारल्याची भाजी."

टिंगूच्या मिशा थरथरल्या. "मावशी, मी लोकर आणली तर?"

"तर शेपटी विणते. पळ!"

टिंगू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु. पेटीपाशी आला.

"पेटीबाई, पेटीबाई, माझं एक काम करा!"

"काय रे बिनशेपट्या?" पेटी करकरली.

"लोकर सुटेना,
शेपटी भेटेना,
बिनशेपटीचा मी पिशवीत!
तुम्ही जरा उठा ना!"

"मी? मी नाही! आधी दाजी उचलतील, मग मी उठेन."

पेटीतल्या लाकडी बाहुल्या हसल्या. खुदुखुदु, खुदुखुदु.

टिंगू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु. दाजींपाशी आला. दाजी बाहुल्या नाचवायचे. आता मात्र स्वतःच पेंगत होते. घुर्रर्र!

"दाजी, दाजी, माझं एक काम करा!"

"काय रे बिनशेपट्या?"

"पेटी उठेना,
लोकर सुटेना,
शेपटी भेटेना,
बिनशेपटीचा मी पिशवीत!
तुम्ही पेटी उचला ना!"

"मी? मी नाही! आधी चहा, मग पेटी. चहाशिवाय माझा हात उठत नाही. बघ." दाजींनी हात उचलला. हात पडला. थप्प!

टिंगू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु. चहावाल्या गोदाक्कांपाशी आला. किटली म्हणत होती, फुसफुस, फुसफुस.

"अक्का, अक्का, माझं एक काम करा!"

"काय रे बिनशेपट्या?"

"दाजी जागचे हलेनात,
पेटी उठेना,
लोकर सुटेना,
शेपटी भेटेना,
बिनशेपटीचा मी पिशवीत!
तुम्ही चहा ओता ना!"

"मी? मी नाही! आधी फीत, मग चहा. फीत कापायच्या आधी चहा दिला, तर सगळे चहा पिऊन घरी जातात. दरवर्षी जातात मेले!"

टिंगू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु. दारापाशी आला. दारात लाल फीत बांधलेली. मध्ये हे एवढं मोठं फूल, फितीचंच. फितीपुढं पाहुणे उभे. भाऊसाहेब! मोठा फेटा, मोठी मिशी. मिशीला पेढा लागलेला. तबकात पाच पेढे होते, आता चार आहेत. कुणी खाल्ला ते मी सांगणार नाही.

"भाऊसाहेब, भाऊसाहेब, माझं एक काम करा!"

"काय रे बिनशेपट्या?"

"अक्का चहा ओतेना,
दाजी जागचे हलेनात,
पेटी उठेना,
लोकर सुटेना,
शेपटी भेटेना,
बिनशेपटीचा मी पिशवीत!
तुम्ही फीत कापा ना!"

"मी? मी नाही! आधी कात्री, मग फीत. तबकात फुलं आहेत, कुंकू आहे, नारळ आहे. कात्री आणायलाच विसरले शहाणे! मी काय दातांनी कापू?"

कात्री? कात्री तर मावशीकडं!

टिंगू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु. परत मावशीपाशी आला.

"मावशी, मावशी, माझं एक काम कर!"

"काय रे बिनशेपट्या?"

"पाहुणे फीत कापेनात,
अक्का चहा ओतेना,
दाजी जागचे हलेनात,
पेटी उठेना,
लोकर सुटेना,
शेपटी भेटेना,
बिनशेपटीचा मी पिशवीत!
तू कात्री दे ना!"

"मी? मी नाही! आधी शेपटी, मग कात्री. लोकरीची कात्री मी कुणाला देत नाही. मागच्या वेळी दिली, तर कुणीतरी तिनं नखं कापली!"

दाजींनी पटकन हात पाठीमागं लपवले.

आता काय करायचं? कात्री हवी, तर आधी शेपटी. शेपटी हवी, तर आधी कात्री. टिंगूचं डोकं गरगरलं. तुमचं नाही गरगरलं? मग गोष्ट तुम्हीच सांगा.

नाही ना येत? मग ऐका.

टिंगू निघाला. लुटु... लुटु... लुटु. दमला बिचारा. दारापाशी आला. फितीच्या फुलाचं एक टोक खाली लोंबत होतं. टिंगूनं ते घट्ट धरलं आणि डोळे पुसत म्हणाला,

"मावशी कात्री देईना,
पाहुणे फीत कापेनात,
अक्का चहा ओतेना,
दाजी जागचे हलेनात,
पेटी उठेना,
लोकर सुटेना,
शेपटी भेटेना,
बिनशेपटीचा मी पिशवीऽऽत!"

शेवटी त्यानं पाय आपटला. पाय घसरला. टिंगू टोकाला लटकला.

सुर्रर्र!

फुलाची गाठ सुटली. फीत खाली. टिंगूही खाली. धप्पुक!

"अगं आई गं!" टिंगू रडवेला झाला. "हीपण उसवली! मी हात लावतो ते उसवतं!"

भाऊसाहेबांनी फितीकडं पाहिलं. फितीनं भाऊसाहेबांकडं पाहिलं.

"उसवली कुठं?" भाऊसाहेब म्हणाले. "सुटली! झालं उद्घाटन! वाजवा टाळ्या!"

टाळ्या, टाळ्या, टाळ्या! तुम्हीही वाजवा. एवढ्या हळू? जेवला नाहीत काय?

फीत सुटली, अक्कांनी चहा ओतला. खळखळ!

चहा ओतला, दाजींनी प्यायला. फुर्रर्र!

चहा प्यायला, दाजी हलले. पेटी उचलली. हेंऽऽऽ!

पेटी उठली, लोकर सुटली. गोळा कसा झाला होता? चपटा! भाकरीसारखा!

टिंगूनं गोळा ढकलला. लुटुलुटु, लुटुलुटु. मावशीनं सुई घेतली. शेपटी विणायला बसली. बारा टाके. बाराच. त्यापुढं मलाही मोजता येत नाही.

पण दार उघडलं होतं ना? माणसं आली. टेबलाभोवती गोळा झाली.

"एक, दोन, तीन, चार..." मावशी मोजत होती.

"अय्या, हे तुम्ही हातानं करता?" एक बाई म्हणाली.

"नाही, पायानं करते! एक, दोन, तीन, चार, पाच..."

"एकाला किती दिवस लागतात हो?" एक आजोबा म्हणाले.

"तुम्ही बोलला नाहीत तर एक! एक, दोन, तीन..."

"मावशी, चहा घेता का?" दाजी म्हणाले.

"गप बसा हो दाजी! चुकलं माझं! एक, दोन..."

मावशी मोजायची, चुकायची, परत एकपासून मोजायची. सुई मात्र थांबायची नाही. शेपटी वाढली. टेबलावरून खाली आली. राजाच्या पोटाला वळसा घालून आली, म्हणजे किती ते बघा! जमिनीवरनं गेली. दाजींच्या पेटीपर्यंत गेली. मग गोळाच संपला.

"बारा!" मावशी म्हणाली.

टिंगूनं मागं पाहिलं. शेपटी... शेपटी... शेपटी... अजून शेपटी!

"मावशी, ही सगळी माझी?"

"तुझीच. जा, बस टेबलावर. सगळ्यांच्या पुढं बस."

टिंगू बसला. सगळ्यांच्या पुढं! हत्तीनं तोंड फिरवलं. घुबडानं डोळे मोठे केले, ते आधीच मोठे होते.

टोकाचा धागा तेवढा कापायचा राहिला. भाऊसाहेब जवळ आले. मिशी खाजवत म्हणाले, "सरूताई, मी कापू का? सकाळपासून काहीतरी कापायचं म्हणून उभा आहे."

मावशीनं त्यांच्या नखांकडं पाहिलं. मग कात्री दिली. पण त्यांचं मनगट धरूनच!

कच्!

परत टाळ्या, टाळ्या, टाळ्या!

गोष्ट इथं संपली. शेपटी तिथं संपली, त्या पेटीपाशी. जाताना खाली बघून जा, तुडवाल!