खालचा पाइप

"पण त्या वेळी तू कुठं होतास?"

नारबा मिस्त्रींनी हे दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा प्रज्योतचा पारा चढला.

"मिस्त्री, मी काय काय केलं ते सांगतोय. रेडिएटर साफ केला. थर्मोस्टॅट नवा. वॉटर पंप नवा. फॅनचा पट्टा नवा, झाकणसुद्धा नवं. पाणी अडायला या गाडीत आता जागाच उरली नाही."

"ते ऐकलं."

"मग?"

"गाडी तापत होती, तवा तू कुठं होतास?"

खांबघाटाच्या पायथ्याशी नारबा मिस्त्रींचं गॅरेज. वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन, मध्ये एक लोखंडी खुर्ची आणि तिच्यावर मिस्त्री. घाटाच्या दोन्ही अंगांना त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आहेत. प्रज्योत त्यातला सगळ्यात हुशार. त्याच्याकडे डिप्लोमा होता, आणि तो आहे हे कुणाला विसरू न देण्याची सवयही होती.

मिस्त्री गेले तीन आठवडे लेकीकडे होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. कालच परतले. डोळ्यांवर काळा चष्मा, आणि डॉक्टरांची सक्त ताकीद, की खाली वाकायचं नाही.

तेवढ्या तीन आठवड्यांत तुळशीराम शेळकंद्यांच्या जीपनं प्रज्योतचं पाणी जोखलं होतं.

जीप जुनी, तीस वर्षांची. झालं होतं एवढंच, की रेडिएटरकडून इंजिनाकडे जाणारा खालचा रबरी पाइप गळत होता. प्रज्योतनं अर्ध्या तासात नवा घातला. जाताना म्हणाला, "आता डोळे झाकून जा भाऊ."

तुळशीराम गेला, आणि घाटाच्या चौथ्या वळणावर जीप उकळली.

मग प्रज्योतनं रेडिएटर उतरवला, पंप बदलला, थर्मोस्टॅट बदलला. दर खेपेला "डोळे झाकून जा" म्हणाला, आणि दर खेपेला चौथ्या वळणावर बॉनेटमधून वाफ निघाली.

एखादी हौसेची गाडी असती तर हसून सोडून देता आलं असतं. पण त्या जीपमधून तुळशीरामची बायको हौसाबाई आठवड्यातून दोनदा घाटापलीकडे डायलिसिसला जायची. परवाच्या मंगळवारी ती वाटेत अडीच तास अडकली. पोचली, तेव्हा चार तासांतला दीडच तास हाती उरला होता. तेवढ्यावरच परत आली. आज शुक्रवार. साडेबाराला मशीन मिळणार होतं. सकाळची एसटी सातलाच गेलेली, दुसरी थेट दुपारी तीनला.

हौसाबाई करंजाखालच्या बाकावर बसली होती. पाय इतके सुजलेले की चपला काढून शेजारी ठेवल्या होत्या. ती काहीच बोलत नव्हती. प्रज्योतला तेच सोसवत नव्हतं.

"सीटवर होतो," तो शेवटी म्हणाला. "अजून कुठं असणार? रेस देत होतो. तापमानाच्या काट्यावर नजर होती."

"आन् म्होरं?"

"म्होरं म्हणजे?"

"बॉनेटपाशी कोण हुतं?"

"कुणी नाही."

मिस्त्री खुर्चीतून उठले, हातानं मडगार्ड चाचपत गेले आणि जीपमध्ये चढून स्टिअरिंगमागे बसले.

"मी बसतो हितं. तू जा म्होरं."

"अहो, डॉक्टरांनी तुम्हाला..."

"वाकू नको म्हणलेत. बसू नको न्हाई म्हणले."

प्रज्योत बॉनेट उघडून पुढं उभा राहिला.

"काय बघू?"

"दिसंल ते."

जीप सुरू झाली. इंजिन आपलं घरघरत राहिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. प्रज्योतनं वरच्या पाइपला हात लावला, तो हळूहळू तापत चालला होता. पाणी फिरत होतं. ते त्याला ठाऊकच होतं. म्हाताऱ्याच्या हट्टापायी आपण इथं मख्खासारखे उभे आहोत, असं त्याच्या मनात आलं.

"काय दिसलं?"

"काही नाही."

"बघ मग."

...

"आता?"

"काही नाही, मिस्त्री. सगळं नवं आहे."

"नवं हाय ते इच्यारलं न्हाई."

आणि मिस्त्रींनी ॲक्सिलरेटर दाबला. घाट चढताना गाडी जशी ओरडते तशी ती जागच्या जागी ओरडायला लागली. प्रज्योतनं पंप पाहिला. पट्टा पाहिला. पंखा पाहिला. मग पाहायला काही उरलं नाही, म्हणून खाली पाहिलं.

खालचा पाइप, त्यानं स्वतः घातलेला, काळा, चकचकीत, आत ओढला जात होता. उसाचा रस संपत आला की शेवटच्या घोटाला कागदाची नळी चपटी होते ना, तसा. बघता बघता त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या.

मिस्त्रींनी पाय उचलला. पाइप पुन्हा गोल झाला, जसं काही घडलंच नाही.

"परत द्या!" प्रज्योत ओरडला. "मिस्त्री, परत रेस द्या!"

परत रेस. पाइप परत मिटला.

प्रज्योत हसायला लागला. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटलीच. पण पहिल्यांदा आला तो सुटल्याचा श्वास. तीन आठवडे ज्याच्यामागे तो धावत होता, ते समोर दिसत होतं. त्याला हात लावता येत होता.

"खालचा पाइप मिटतोय, मिस्त्री! पंप पाणी ओढतो तेव्हा चपटा होतो. पाणी पुढं जातच नाही. पण... नवा आहे हो तो! नवा म्हणून मी त्याच्याकडे बघितलंच नाही."

मिस्त्रींनी चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

"जुना कुठाय?"

या गॅरेजचा एक रिवाज आहे. गाडीतून काढलेला जुना पार्ट लगेच फेकायचा नाही. आंब्याच्या रिकाम्या पेटीत ठेवायचा, पेटीवर खडूनं गाडीवाल्याचं नाव लिहायचं, आणि गाडी घाट ओलांडून धडपणे परत येईपर्यंत पेटी हलवायची नाही. प्रज्योतला हा सगळा पसारा वाटायचा. तरी मिस्त्री आल्यावर बोलणी नकोत, म्हणून तो मुकाट्यानं पाळायचा.

त्यानं 'शेळकंदे' लिहिलेली पेटी आणली. थर्मोस्टॅट, पंप आणि पट्ट्याच्या तळाशी जुना पाइप होता, चिरलेला आणि चिकट.

"आत बोट घाल."

प्रज्योतनं घातलं. बोटाला गंजलेली तार लागली. वेटोळ्यामागून वेटोळं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाइपाच्या आत एक लांबलचक स्प्रिंग होती, त्याला मिटू न देणारी.

"ही... आत होती?"

"तीस वर्सं."

नवा पाइप बाजारातून पोकळ आला होता. जुन्याच्या पोटात काय आहे, हे प्रज्योतनं पाहिलं नव्हतं.

इंजिन निवेपर्यंत त्यानं स्प्रिंग तारेच्या ब्रशनं घासली. मग पाइप सोडवला, साबणाच्या पाण्यानं स्प्रिंग आत सरकवली, पाइप पुन्हा आवळला. पाणी भरलं आणि झाकण उघडं ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली. मग झाकण लावलं, आणि सीटवरच बसलेल्या मिस्त्रींनी जीप सुरू केली.

"रेस देऊ?"

"द्या."

जीप ओरडली.

"कसा हाय?"

"गोल."

आवाज आणखी चढला.

"आता?"

"गोलच आहे, मिस्त्री. गोल!"

हौसाबाई चपला हातात घेऊनच उठली. "जाऊ ना रं बाबा?"

'डोळे झाकून' हे शब्द प्रज्योतच्या ओठांवर आले होते. त्यानं गिळले.

"जा मावशी. तुळशीरामभाऊ, चौथ्या वळणावर काट्यावर लक्ष ठेवा. आणि वर पोचलात की हॉर्न द्या."

जीप गेली. प्रज्योतनं पाना हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. मिस्त्री खुर्चीत डोळे मिटून होते. चौथं वळण एव्हाना आलं असेल. पाचवं... सहावं...

घाटमाथ्यावरून हॉर्न आला. एक, दोन, तीन. तुळशीरामला राहवलं नसावं, त्यानं चौथाही दिला.

प्रज्योत जमिनीवरच बसला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्यानं ते लपवले नाहीत.

"मिस्त्री, तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना?"

"न्हवतं."

थोड्या वेळानं प्रज्योतनं पेटीकडे हात केला. "आता हे देऊ का भंगारात?"

मिस्त्रींनी नुसती मान हलवली. नाही.

दिवेलागणीला जीप परतली. हौसाबाई स्वतःच्या पायांनी उतरली. सूज ओसरली होती, चपला पायात होत्या.

"चारी तास मिळालं," ती म्हणाली. "आन् येताना घाटात झोप लागली बघा मला. कवाच लागत न्हाई. काय झालं हुतं रं गाडीला?"

प्रज्योतनं मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री चष्मा पुसत होते.

चिरलेला पाइप होता, जुनी गाडी होती, बाजारातला माल पोकळ निघाला होता. सांगायला पुष्कळ होतं, आणि सगळं खरंच होतं.

"गाडीला काही झालं नव्हतं, मावशी," प्रज्योत म्हणाला. "जुन्या पाइपात स्प्रिंग होती. मी न बघताच काढून टाकली. मंगळवारी तुम्ही अडकलात ते माझ्यामुळं."

हौसाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या दंडावर हलकेच थोपटून ती पुन्हा जीपमध्ये जाऊन बसली.

जीप गावाकडे वळली. तिचा आवाज विरेपर्यंत प्रज्योत खाली मान घालून उभा होता.

मिस्त्रींनी 'शेळकंदे' लिहिलेली पेटी पायानं त्याच्याकडे सरकवली.

"आली की रं. टाक आता."