मोटारीने मागितलेलं ऊन

तशी जुनी गोष्ट. अकोल्यातल्या एका अंगणात निळी मोटार उभी असे. तिच्या टपावर सौर पट्टी होती. ऊन पडलं की त्या विजेवर खिडकीतला पंखा फिरायचा आणि आतली गरम हवा बाहेर जायची. तरी मोटार उन्हावर चिडायची.

एका दुपारी ती कापडी खोळीला म्हणाली, “मला पुरती झाक, बाई. त्या मेल्याचं तोंड नको.”

खोळीने टप झाकला, पंखा थांबला. आत भट्टी पेटली. सीटखाली व्यालेली मांजर कळवळली, “मोटारताई, लेकरं धापा टाकतायत गं!”

मोटारीच्या काळजात चर्र झालं. “खोळीबाई, सरक!”

“अगं, ऊन भाजेल तुला.”

“भाजू दे.”

खोळ घसरली. टप चटचटला, पंखा भिरभिरला. थोड्या वेळाने पिल्लं दूध पिऊ लागली.