कमळाईचा मुखडा

"देवीला डोकंच नको, हे कुठलं शास्त्र, तात्या?"

विश्रामने विचारलं खरं, पण हातातली छिन्नी काही थांबली नाही.

म्हातारे भुजंगतात्या पाथरवट पडवीच्या कडेला पान जुळवत बसले होते. त्यांनी चुना लावला, पान गालात धरलं.

टेकडीवरची कमळाई फार जुनी. गुडघे दुमडून उताणी, जणू बाळंतपणाला टेकलेली बाई. आणि डोक्याच्या जागी मानेतूनच उमललेलं कमळ. परका माणूस बघून दचकायचा. पण कूस न उजवलेल्या बाया तिच्या पोटावर लोण्याचा गोळा ठेवायच्या आणि मन मोकळं करून यायच्या.

यंदा देवळावर वीज पडली, मूर्ती दुभंगली. भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही. गावाने नवी तात्यांना सांगितली. तात्यांचे हात आता कापायचे, म्हणून त्यांनी काम आपल्या चेल्याला दिलं. विश्रामची ही पहिलीच देवी. मंगळवारी ती देवळात बसायची होती.

आणि विश्रामने कमळ कोरलंच नव्हतं. त्याने तिला मुखडा दिला होता. सरळ नाक, ओठांवर हसू, मोठे पाणीदार डोळे.

"जुन्या लोकांना मुखडा साधला नसेल, म्हणून कमळावर भागवलं," तो म्हणाला. "मला साधतो."

"साधलाय खरा," तात्या म्हणाले. "जिवंत वाटतो."

विश्रामच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात दारात गोदू येऊन उभी राहिली. खालच्या आळीची सून. लग्नाला तप लोटलं, पाळणा हलला नव्हता. हातात केळीच्या पानावर लोणी.

"देऊळ रिकामं हाय, तात्या. हितंच ठिवलं तर चालंल का वं?"

"आईला कसली वेळकाळ? ठेव की, पोरी."

गोदू पुढे झाली... आणि थबकली. तिने पदर नाकापर्यंत ओढला.

"ही कोण म्हनायची?"

"कमळाईच की, वहिनी!" विश्राम हसला. "आता काय मागायचं ते तिच्या तोंडाकडं बघून माग."

"बगती माज्याकडं."

"मग? देवानं बघितलं तर बरंच."

"बगायला समदा गाव हाय, भावजी." गोदूचा आवाज खाली गेला. "बारशाला गेलं तरी बगत्यात, न्हाई गेलं तरी बगत्यात. सासू तर दर महिन्याला बगती. ही येकलीच बगत नव्हती."

ती माघारी वळली. पानावरचं लोणी पाघळायला लागलं होतं.

तात्या गुडघ्यावर हात देऊन उठले. दगडावर पाणी मारायचं ओलं गोणपाट उचललं आणि देवीच्या डोक्यावर टाकलं. मग भिंतीकडे तोंड करून बसले.

गोदू परत आली. पदर हळूहळू खाली आला. तिने लोणी देवीच्या पोटावर ठेवलं, वर हात टेकला, आणि पुटपुटायला लागली... माहेरी आलेली लेक आईच्या कुशीत बोलते, तशी. बोलता बोलता तिचे गाल भिजले.

विश्राम बघत राहिला. असं रडणं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

गोदूची मान वर झाली. विश्रामच्या नजरेला नजर भिडली.

झटकन पदर आला. बोलणं अर्ध्यावरच टाकून ती निघून गेली.



विश्रामने गोणपाट काढलं. मुखडा तसाच हसत होता. त्याने त्यावरून एकवार हात फिरवला.

"डोक्याच्या दगडात कमळ बसेल, तात्या," तो म्हणाला. त्याने छिन्नी उचलली. "कुठून सुरुवात करू?"

तात्यांचं तोंड अजून भिंतीकडेच होतं.

"डोळ्यांपासून," ते म्हणाले. "आधी तुझ्या."